हीटर बंद होईना: बायपास, व्हॉल्व्ह की डॅशबोर्ड खोलायचा?

भुसावळला मे महिन्यात कोणालाही सांगा, की गाडीचा हीटर बंद होत नाहीये. समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "लावलाच कशाला?" लावलेला नसतो, हीच तर अडचण. बाहेर ४५ अंश, एसी पूर्ण जोरात आणि पायाशी चुलीसमोर बसल्यासारखी झळ. मागच्या उन्हाळ्यात जळगावहून धुळ्याला मी असाच गेलो. पारोळ्यापर्यंत काचा बंद, पुढे काचा उघड्या. फरक काही कळला नाही.

त्या महिन्यात तीन गॅरेजं फिरलो आणि तीन वेगळे सल्ले मिळाले. पहिल्याने एसीचा गॅस भरून दिला. पैसे गेले, झळ तशीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून उपायांची तुलना करण्याआधी दोष कुठे आहे ते घरीच पाहून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे.

गाडीचा हीटर विजेवर तापत नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ९० अंशांच्या आसपास तापतं, त्यातलं थोडं दोन रबरी नळ्यांतून केबिनमध्ये जातं आणि डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलमधून फिरून परत येतं. हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलवरून जाते, मग एक फ्लॅप ठरवतो की त्यातली किती हीटर कॉइलवरून न्यायची. हा फ्लॅप अर्धवट उघडा राहिला, तर थंड केलेली हवा पुढच्याच वळणावर पुन्हा तापते. एसी कमजोर वाटतो, पण तो बिचारा नीट चाललेला असतो.

आता तपासणी. सकाळी इंजिन गार असताना गाडी सुरू करून एसी लावा. पहिली पाच मिनिटं हवा गार आणि इंजिन तापल्यावर कोमट झाली, तर संशय हीटरवर. सुरुवातीपासूनच गार नसेल तर गॅस किंवा कॉम्प्रेसर पाहा. हवा आत फिरवण्याचं बटण चालतंय का, हेही बघा. त्या बटणाचा वेगळा फ्लॅप असतो, तो अडकला तर बाहेरची उन्हाची हवाच आत येत राहते आणि आपण हीटरला शिव्या देतो. तापमानाचा खटका फिरवताना डॅशबोर्डमागे टक टक आवाज आला, तर फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजलेत किंवा तुटलेत. आणि बॉनेट उघडून त्या दोन नळ्या कुठे पत्र्यातून आत शिरतात ते शोधा. एका नळीवर गरम कूलंट अडवणारा, केबल लावलेला छोटा कॉक, म्हणजे व्हॉल्व्ह, दिसला, तर तुमची गाडी व्हॉल्व्हवाली. नसेल तर बहुतेक फ्लॅपवाली, आणि तिच्यात दोन्ही नळ्या कायम गरमच असतात. त्यात बिघाड काही नाही.

बायपास

दुसऱ्या गॅरेजवाल्याने क्षणभरही विचार केला नाही. "भाऊ, आपले हीटर कसाले लागस? बायपास करी टाकू!" खानदेशात हे वाक्य खोडून काढणं अवघड आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळ्या काढायच्या, इंजिनाकडची त्यांची दोन तोंडं एका वळणदार नळीने जोडायची, दोन क्लिपा आवळायच्या. अर्धा तास, आणि खर्च नळीचा, क्लिपांचा, वरून थोड्या कूलंटचा. गरम कूलंट केबिनमध्ये जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह बिघडलेला असो की फ्लॅप, झळ बंद. तिन्ही उपायांत हा सर्वांत स्वस्त, आणि हवा तेव्हा उलटवताही येतो.

पण तीन गोष्टी बघा. ही दोन तोंडं एकमेकांना जोडायची, बूच मारून बंद करायची नाहीत. काही इंजिनांत कूलंट फिरण्याच्या वाटेचा तो एक भाग असतो, आणि वाट अडली की थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमान बघून कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं, गणित बिघडतं. दुसरं, बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर जास्त सावध. किटच्या रेड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, गरम ठेवण्यासाठी कूलंट लागतं आणि त्याची जोडणी बऱ्याचदा हीटरच्याच नळीवरून घेतलेली असते. बायपास करताना ती तुटली, तर रेड्यूसर गोठून गाडी रस्त्यात अडेल. तिसरं, काम झाल्यावर नळ्यांत अडकलेली हवा काढून कूलंट पूर्ण भरलंय का ते विचारा. पाणी नको, बोअरचं तर नकोच. आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. आणि गरम इंजिनाचं झाकण कोणी घाईत उघडत असेल, तर त्याला थांबवा आणि स्वतः दोन पावलं मागे सरका.

गैरसोय डिसेंबरात कळते. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा १० अंशांच्या बराच खाली जातो. पहाटे लळिंगचा घाट चढताना काच आतून धुरकट झाली, की फक्त एसीवर ती पुसली जाते, पण वेळ लागतो आणि आत बसलेले कुडकुडतात. गाडीत लहान मूल किंवा म्हातारी माणसं असतील, तर "हीटर कसाले" हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नाही.

व्हॉल्व्ह बदलणं

व्हॉल्व्हवाल्या गाडीत मी बायपासचा विचारच करणार नाही. कॉक बॉनेटखाली हाताला लागतो, डॅशबोर्ड खोलावा लागत नाही, मजुरी बायपासपेक्षा फार वेगळी नसते. बहुतेक वेळा गोष्ट अशी असते, की जानेवारीत एकदा हीटर लावला आणि कॉक तिथेच अडकला. कधी नुसती केबल क्लिपेतून निसटलेली असते, ती परत बसवली की झालं. नवीन व्हॉल्व्ह घेताना जुना हातात घेऊन दुकानात जा. तोंडाचं माप चुकलं, तर क्लिप कितीही आवळा, गळतीच. काही महागड्या परदेशी गाड्यांत हा व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि वीज तुटली की उघडाच राहतो. तिथे आधी फ्यूज बघा.

फ्लॅप आणि मोटर

इथे खर्चाचा आकडा कोणी फोनवर सांगत नाही, आणि सांगितला तरी विश्वास ठेवू नका, कारण मोटर कुठे बसवली आहे यावर सगळं अवलंबून आहे. काही गाड्यांत ती ड्रायव्हरच्या किंवा बाजूच्या सीटच्या पायाशी दोन-तीन स्क्रूंवर असते, तासाभरात बदलते. काहींत ग्लोव्हबॉक्स काढावा लागतो. पण फ्लॅपच तुटला असेल, तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मग एक दिवस पुरत नाही.

मोटर किंवा केबलपुरतं काम असेल तर करून घ्या. हा खरा दुरुस्तीचा उपाय आहे. फ्लॅपच गेला असेल आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर मी डॅशबोर्डला हात लावू देणार नाही. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड नंतर प्रत्येक खड्ड्यावर कुरकुरतो, आणि आपल्या रस्त्यांवर तो बोलायचा थांबतच नाही. अशा गाडीला बायपास कायमचा राहिला तरी चालेल.

एक अपवाद: पायाखालची चटई कूलंटने ओली असेल, काचेवर तेलकट थर येत असेल किंवा आत गोडसर वास असेल, तर कॉइल गळतेय. मग बायपास आजच. गळती चालू ठेवली तर कूलंट कमी होऊन इंजिन तापेल.

काम कोणाकडे?

केबल, व्हॉल्व्ह, बायपास यासाठी ओळखीचा फिटर पुरेसा आहे. मोटर असेल तर एसीचंच काम करणारा माणूस बरा. फ्लॅपचा खेळ तो रोज बघतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुटा दाता सहसा मिळत नाही, पूर्ण मोटर बदलतात, महाग पडतं. पण गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे जायचं कारण नाही. वॉरंटीतल्या गाडीत बायपास करू नका.

वेळही महत्त्वाची. मे महिन्यात एसीवाल्याकडे रांग असते आणि तो घाईत असतो. म्हणून मी तेव्हा बायपास करून घेतला, उन्हाळा काढला, आणि मोटर पावसाळा उलटल्यावर बदलली. काढलेल्या नळ्या फिटर भंगारात टाकत होता. मी त्या कागदात गुंडाळून डिकीत ठेवल्या होत्या. ऑक्टोबरात त्याच परत बसल्या.