तारकर्लीच्या लाटांचा अंदाज कोल्हापुरात बसून: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

तारकर्लीत राहणारा माणूस सकाळी उठून पाणी बघतो आणि सर्फिंगचा बोर्ड काढायचा की नाही ते ठरवतो. कोल्हापूरकराला ती सोय नाही. गगनबावड्याहून उतरा नाहीतर फोंडा घाटाने जा, किनाऱ्यावर पोचायला चार तास जातात. त्यामुळे निर्णय आदल्या रात्री, फक्त आकड्यांवर घ्यावा लागतो. रंकाळ्यावर वारा सुटला किंवा कोल्हापुरात आभाळ भरून आलं, यावरून मालवणच्या समुद्राचं काहीही कळत नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि लाट तर हजारो किलोमीटरवरून आलेली असते.

ऑक्टोबर ते मे या काळात चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वापरल्या: विंडी या हवामानाच्या अॅपवरचे ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचा) आणि जीएफएस (अमेरिकेचा) हे दोन अंदाज, लाटा किती चांगल्या यावर तारे देणारं एक सर्फिंग अॅप, भरती-ओहोटीचा तक्ता आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज. मत आधीच सांगतो. दूरच्या लाटेचा, म्हणजे स्वेलचा अंदाज दोन-तीन दिवस आधी चांगला भरवशाचा असतो. वाऱ्याचा अंदाज दिशा बरोबर सांगतो, पण वेळ चुकवतो. भरतीची वेळ पक्की, फक्त ठिकाण तपासावं लागतं. आणि ताऱ्यांकडे बघूच नये.

तारे का नकोत, ते आधी. तारकर्लीचा किनारा वाळूचा आहे. लाट कुठे फुटणार हे पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर ठरतं आणि तो बांध जागा बदलतो. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, पावसाळा सरला की तीच वाळू हळूहळू परत येते. ऑक्टोबरात जिथे सुंदर लाट फुटत होती, तिथे फेब्रुवारीत सपाट पाणी असू शकतं. हा बांध कुठल्याच अंदाजात नसतो. अॅप उंची, पिरियड (दोन लाटांमधले सेकंद) आणि वारा यांची बेरीज करून तारे देतं, आणि शेजारच्या भोगव्यालाही तेवढेच तारे देतं, कारण अंदाजाचं गणित समुद्राचे चौकोन पाडून होतं आणि दोन्ही किनारे एकाच चौकोनात पडतात. जीएफएसच्या लाटांचे चौकोन साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचे. ईसीएमडब्ल्यूएफचे त्याहून बारीक. पण कर्ली नदीच्या मुखाच्या अलीकडे आणि पलीकडे वाळू कशी बसली आहे, हे त्यांनाही दिसत नाही.

यातूनच पहिली काळजी येते. पिन किनाऱ्यावर टाकू नका. वाऱ्यासाठी तो चौकोन अर्धा जमीन, अर्धा पाणी असतो आणि लाटांसाठी अॅप गुपचूप जवळच्या पाण्याच्या चौकोनाचा आकडा उचलतं. पिन समुद्रात पाच-दहा किलोमीटर आत टाकायची, तिथला आकडा लिहून घ्यायचा आणि किनाऱ्याचा हिशोब आपण करायचा.

आता उंची. अंदाजात '१ मीटर' असं दिसतं, ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे बऱ्याच लाटा त्याहून लहान असणार. आणि तासाभर पाण्यात थांबलात तर एखादी लाट पावणेदोन पटीच्या जवळ जाणारी येणार, हे गृहीतच धरायचं. नवशिक्याला सोबत नेताना सरासरी बघायची नाही, ही मोठी लाट बघायची.

दुसरं, स्वेल एक, स्वेल दोन आणि वाऱ्याची लाट असे तीन रकाने असतात, त्यांची साधी बेरीज होत नाही. प्रत्येक उंचीचा वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. १ मीटर आणि ०.८ मीटर मिळून १.३ मीटरच्या आसपास होतात, १.८ नाही.

पण उंचीपेक्षा पिरियड महत्त्वाचा, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. पिरियड म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारे सेकंद. उंची सारखीच असली, तर ७ सेकंदांच्या लाटेपेक्षा १४ सेकंदांच्या लाटेत दुप्पट शक्ती असते. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायला सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं: ७ सेकंदांची लाट ७६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०० मीटरच्या वर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवू लागतो. म्हणजे १४ सेकंदांच्या लाटेला १५० मीटर खोलीवरच तळ लागतो, आणि आपल्याकडचं समुद्रबूड जमिनीचं उथळ पठार रुंद असल्यामुळे ती लांबूनच वळायला लागते. किनाऱ्याजवळ येईपर्यंत ती किनाऱ्याला जवळजवळ समांतर झालेली असते. सरळ किनाऱ्यावर अशी लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळते. बाजूला सरकायला लाटेचा न फुटलेला उतार, म्हणजे खांदाच उरत नाही. अॅपवर १.२ मीटर, १५ सेकंद बघून डोळे चमकतात, आणि तारकर्लीला नुसत्या भिंती पडत असतात.

त्यापेक्षा ०.८ ते १.२ मीटर, ९ ते ११ सेकंद, आणि सोबत वायव्येकडून थोडी लहान लाट, हा मेळ इथे जास्त चांगला चालतो. दोन दिशांच्या लाटा एकमेकींना छेदतात, त्यामुळे भिंत तुटते आणि वेगवेगळ्या ठिकाणी शिखरं उभी राहतात. हिवाळ्यात आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून कोकणापर्यंत येतात. तेव्हा फक्त नैर्ऋत्येचा रकाना बघून 'काहीच नाही' म्हणू नये.

एप्रिल-मेमधल्या लांब पिरियडच्या लाटांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण धोका तिथे आहे. दक्षिण महासागरातल्या वादळांची लाट विषुववृत्त ओलांडून आठवडाभराने आपल्याकडे पोचते. १४ सेकंदांच्या लाटांचा ताफा दिवसाला हजार किलोमीटरच्या जरा आत अंतर कापतो, १० सेकंदांचा त्याच्या पाऊणपटीहूनही कमी. म्हणून जास्त सेकंदांच्या लाटा आधी येऊन थडकतात. पहिल्या दिवशी अॅपवर फक्त ०.४ किंवा ०.५ मीटर दिसतं आणि पिरियड १७-१८. आकडा बघून समुद्र शांत वाटतो, आणि असतोही. पंधरा-वीस मिनिटं. मग मोठ्या लाटांचा एक गट येतो आणि खडकावर उभ्या माणसाला ओढून नेतो. वारा नाही, ढग नाहीत, तरी पाणी वर चढतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि इन्कॉइस यासाठी वेगळा इशारा देतं. पिरियड १६ च्या वर दिसला की उंची कितीही असो, आधी इन्कॉइसचं पान उघडायचं. इशारा असेल तर मुलांना घेऊन पाण्याच्या कडेला बसायलाही जाऊ नये.

वाऱ्याचा हिशोब आपल्या लोकांना शाळेपासून ठाऊक आहे. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्रावरून खारे वारे. सर्फिंगला मतलई हवा. तो लाटेच्या तोंडावर समोरून लागतो, तिला थोडं उभं धरतो आणि पाणी गुळगुळीत ठेवतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा वारा सकाळी दहाच्या आसपासपर्यंत टिकतो, खारा वारा दुपारकडे सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये मतलई कमजोर पडतो आणि दहालाच वायव्येचा वारा अंगावर येतो.

अंदाज इथे ठरावीक पद्धतीने चुकतो. मोठ्या चौकोनांत किनाऱ्याची रेघ पुसट होते, म्हणून जीएफएस पहाटेचा मतलई कमी दाखवतं. अॅपवर सकाळी साडेआठला 'वारा नाही' लिहिलेलं असेल आणि मौसम हिवाळ्याचा असेल, तर प्रत्यक्षात पूर्वेचा हलका वारा मिळण्याची शक्यता चांगली. मात्र पहाटेच वायव्य ८-१० नॉट दिसत असेल, तर तो किनाऱ्याचा रोजचा वारा नव्हे. मोठ्या क्षेत्रावरचा वारा आहे आणि दुपारपर्यंत वाढणारच. दहा नॉटपाशी पांढरे तुरे दिसू लागतात. नॉटला १.८५ ने गुणलं की ताशी किलोमीटर येतात. दिशा नेहमी वारा जिकडून येतो ती लिहितात, पण नकाशावरचा बाण तो जिकडे जातो तिकडे तोंड करतो. सोबतच्या माणसाला वाचून दाखवताना हे स्पष्ट सांगा, नाहीतर अर्थ बरोबर उलटा होतो.

भरतीचा तक्ता हा या सगळ्यातला सर्वात भरवशाचा भाग, आणि वाळूच्या किनाऱ्यावर सर्वात उपयोगाचाही. लाट आपल्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर फुटते. समजा बांधावर ओहोटीला १ मीटर पाणी आहे. उधाणाच्या भरतीला त्यावर आणखी दोन मीटरच्या आसपास चढतं. मग १ मीटरची लाट बांधावर फुटतच नाही, सरळ पुढे येऊन किनाऱ्याच्या उतारावर आपटते. तिथे बोर्ड मोडतात, मानेला आणि खांद्याला मार बसतो. अगदी तळाच्या ओहोटीला उलट होतं: सगळी लाट एकदम उथळ वाळूवर कोसळते. म्हणून पाणी अर्धं भरलेलं आणि चढतं असावं.

आता तिथीची पाऊणकी वापरा. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मालवणला भरती मुंबईच्या आधी येते, तासाभराच्या आसपास. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेजवळ मालवणात भरती अकराच्या सुमारास आणि सकाळी आठला पाणी अर्धं भरलेलं. त्याच वेळी मतलई अजून वाहत असतो. हिवाळ्यात हा मेळ जुळणारा शनिवार-रविवार कॅलेंडरवर महिनाभर आधी खूण करून ठेवता येतो. त्यासाठी अॅप लागत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, सकाळी आठला ते उतरत असतं, पण फरक कमी असल्याने बांधावरची खोली फारशी बदलत नाही. लाट लहान असेल तर भांगाचे दिवस नवशिक्यांना बरे.

तक्ता वापरताना दोन गोष्टी तपासा. एक, तो कुठल्या बंदराचा आहे. अॅप कधी रत्नागिरीचा घेतं, कधी मुरगावचा. दोन, वेळ भारतीय आहे की जागतिक. साडेपाच तासांचा फरक पडला तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते आणि तक्ता वरवर बरोबरच दिसतो. दोन अॅपमधले मीटर जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका, प्रत्येकाची शून्याची पातळी वेगळी असू शकते. वेळा जुळवा.

उधाणाची ओहोटी, १ मीटरच्या वरची लाट आणि १० सेकंदांच्या वरचा पिरियड एकत्र आले की पाण्याची ओढ वाढते. बांधांच्या मधल्या खिंडीत लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं. नेमकी तिथेच ओढ असते आणि पोहायला उतरणारे नेमके तिथेच उतरतात. अडकलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर सरका, बोर्ड सोडू नका, हात वर करा. देवबागच्या टोकाला कर्लीच्या मुखाजवळ ओहोटीला उतरूच नये. तिथे नदीचं पाणी आणि उतरतं पाणी दोन्ही बाहेर ओढतात. गणपतीपुळ्याच्या समुद्राबद्दलही हेच. देवदर्शनाला गेलेल्यांनी लाट बघून मोह आवरावा.

पावसाळ्याचं थोडक्यात: जून ते सप्टेंबर अॅपवर ३-४ मीटर आणि नैर्ऋत्येचा जोराचा वारा दिसतो. तो सर्फिंगचा समुद्र नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला असेल तेव्हाही सर्फिंगचं अॅप बंद ठेवावं. चक्रीवादळाचा गाभा मोठ्या चौकोनांत नीट उमटत नाही आणि लाटांचा आकडा कमी येऊ शकतो. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार आणि मे २०२१ मधलं तौक्ते दोन्ही कोकणाजवळून गेली. अशा दिवसांत फक्त हवामान खातं आणि इन्कॉइस.

शुक्रवार रात्रीचा क्रम आता ठरून गेला आहे. बुधवारी स्वेल बघायचा, फक्त येतोय का ते. गुरुवारी परत बघायचा. लाट पोचण्याची वेळ दोन दिवसांत अर्ध्या दिवसाहून जास्त सरकली, तर हॉटेलचे पैसे भरायचे नाहीत. जीएफएसचा संध्याकाळी साडेपाचचा हिशोब रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास दिसू लागतो, तो शेवटचा. दोन्ही अंदाजांत वाऱ्याची दिशा जुळत असेल तर निघायचं. जुळत नसेल, तर मालवणातल्या ओळखीच्या होडीवाल्याचं ऐकायचं; त्याला फोन मात्र संध्याकाळीच लावून ठेवायचा. त्याला 'लाटा मोठ्या आहेत का?' असं विचारू नये, त्याची मोठी लाट वेगळी. 'दादा, सकाळी वारा कुठला होता आणि किती वाजता फिरला?' एवढंच विचारायचं. त्याचं उत्तर अॅपच्या पुढच्या सकाळच्या रकान्यापेक्षा जास्त खरं ठरतं, कारण हिवाळ्यात आजचा वारा बहुधा उद्याही त्याच वेळी फिरतो.

फुकटातल्या आवृत्तीत तीन-तीन तासांचे रकाने मिळतात, आणि वारा नेमका साडेआठ ते साडेअकराच्या मध्ये फिरतो. पैसे भरून मिळणारा तासातासाचा अंदाज त्या एका कारणासाठी एप्रिल-मेमध्ये कामाचा आहे. डिसेंबरात त्याची गरज पडली नाही. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा भरतीचा तक्ता आणि दोन्ही अंदाज यांचे स्क्रीनशॉट गगनबावड्याच्या आधीच काढून ठेवा. गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट बंद असला तर भुईबावडा किंवा फोंडा धरावा लागतो आणि वेळ वाढतो. तेवढा वेळ भरतीच्या हिशोबातून आधीच वजा करा.