चैत्रातलं ऊन, भादव्यातला उबारा: ट्रेकच्या सामानाचा वापरानंतरचा अनुभव

ट्रेकचं सामान घ्यायला दुकानात गेलं की आधी वॉटरप्रूफ बूट पुढे येतात आणि मागोमाग शून्य अंशाच्या खाली चालणारी स्लीपिंग बॅग. हिमालयात जाणाऱ्याला ते हवंच. पण छत्रपती संभाजीनगरात राहून सुट्टीच्या दिवशी अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा किंवा देवगिरीसारखा किल्ला गाठणाऱ्याचं दुखणं वेगळं असतं. आपल्याला थंडी क्वचितच छळते, घाम मात्र वर्षातले नऊ महिने छळतो. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत मी जे सामान अंगावर आणि पाठीवर वागवलं, त्याबद्दल लिहिते आहे. प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावली: ही वस्तू घाम वाळू देते का?

एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर शरीरातली साधारण 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. तोच घाम निथळून खाली पडला तर पाणी आणि मीठ दोन्ही वाया जातं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच राहतं. मराठवाड्यात या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात अनुभवायला मिळतात. चैत्र-वैशाखात पारा चाळीस-बेचाळीसला टेकतो, पण हवा कोरडी असते. श्रावण-भादव्यात पारा तिशीच्या आसपास असतो, तरी गड चढताना जीव नकोसा होतो, कारण हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घामाला जायला जागाच उरत नाही.

पूर्वी बैलगाडीला कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, टांगलेली असायची. बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना आतलं पाणी गार करायचं. तेच तत्त्व मी बाटलीला लावलं. बाटलीवर जुन्या सुती पंचाचं फडकं गुंडाळायचं, ओलं करायचं आणि ती सॅकच्या बाहेर अडकवायची. एप्रिलमध्ये गौताळ्याच्या रानात तासाभरात पाणी चांगलं गार होतं. भादव्यात वेताळवाडीला तेच फडकं दुपारपर्यंत ओलंचिंब राहिलं आणि पाणी कोमटच. म्हणून आता निघाल्यावर मी आधी बाटलीकडे बघते. फडकं भराभर वाळत असेल तर आपला घामही वाळणार, नसेल तर चाल कमी करायची आणि सावलीतले थांबे वाढवायचे.

कपड्यांचा निर्णय यावरूनच होतो. 'ट्रेकला सुती कपडे अजिबात नकोत' हा नियम सगळीकडे ऐकू येतो. थंड प्रदेशात तो अगदी खरा आहे, कारण तिथे ओलं सुती कापड अंगातली ऊब काढून घेतं. आपल्याला वैशाखात नेमकं तेच हवं असतं. उन्हाळ्यात मी पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालते, टाक्यापाशी किंवा हापशावर तो भिजवते आणि तसाच अंगात चढवते. पुढचा अर्धा तास सुखाचा जातो. डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात ओली दस्ती. पावसाळा सुरू झाला की हा शर्ट कपाटात जातो. दमट हवेत तो वाळत नाही, जड होतो आणि खांद्यावर सॅकच्या पट्ट्याखाली कातडी सोलवटते. तेव्हा पातळ पॉलिएस्टरचा जाळीदार शर्टच बरा. त्याला वास लवकर लागतो हे खरं, पण कॉलरपासून काखेपर्यंत घामोळ्या येण्यापेक्षा वास परवडला.

ज्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही ते म्हणजे आतले कपडे. दमट हवेत ट्रेक खरा बिघडतो तो मांड्या घासल्यामुळे. साध्या सुती अंतर्वस्त्राची शिवण दोन तासांत काचायला लागते. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी, अंगासरशी बसणारी सिंथेटिक शॉर्ट आत घातली आणि निघायच्या आधीच जांघेत व्हॅसलिन लावलं, तर संध्याकाळी नीट चालत घरी येता येतं. बायकांसाठी आणखी एक: स्पोर्ट्स ब्रा रुंद पट्टीची, पण पातळ कापडाची घ्या. जाड पॅडवाली रात्रीपर्यंत वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ओलीच घालावी लागते.

बुटांवर मात्र मी ठाम आहे. आतून पाणी अडवणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) लावलेले वॉटरप्रूफ बूट आपल्याकडे नकोत. त्या पडद्यातून वाफ बाहेर पडते ती आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. बाहेरची हवाच भिजलेली असली की वाफ आतच कोंडते आणि पाय स्वतःच्या घामात भिजतात. शिवाय ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरलं तर ते बाहेर पडायला वाट नसते. माझे बूट घोट्याखालचे, जाळीचे आणि हलके आहेत. पाणी जसं शिरतं तसं वीस पावलांत निथळून जातं. तळव्याचं रबर मऊ असल्यामुळे शेवाळलेल्या काळ्या पाषाणावर पकड चांगली मिळते. खाचा मात्र फार खोल नकोत. किल्ल्याच्या पायथ्याशी कपाशीच्या रानातून वाट असते, तिथे खोल खाचांत काळी माती अशी गच्च बसते की प्रत्येक पाय किलोभर जड होतो.

जाळीच्या बुटांचा एक मोठा तोटा नवरात्रानंतर कळतो: कुसळं. नागापूरहून अंतूरकडे जाताना वाटेत गुरं राखणाऱ्या एका काकांनी बुटांकडे बघून सांगितलं, "ताई, ह्या जाळीत कुसळं घुसतेत बघा. उन्हाळ्याला ठीक हायेत हे." अगदी तसंच झालं. कुसळाची रचना जवळून बघण्यासारखी असते. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर उलट्या दिशेची बारीक लव आणि मागे पीळ पडलेली लांब काळपट शेपूट. शेपटीला ओल लागली की तिचा पीळ सुटायला लागतो, ती गरगर फिरते आणि बी गिरमिटासारखं आत सरकतं. मातीत रुजण्यासाठी गवताने केलेली ही सोय आहे, पण घामाने ओल्या झालेल्या मोज्यातही ती तितकीच चोख चालते. लव उलटी असल्यामुळे बी मागे ओढलं तर निघत नाही, पुढे ढकलूनच आतल्या बाजूने काढावं लागतं.

यावर मी उपाय केला तो स्वस्तातला आणि माझ्या मते या सगळ्या सामानातला सर्वांत समाधान देणारा. मोडलेल्या छत्रीचं कापड शिंप्याकडे दिलं आणि घोट्यापासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत येणारे, वरखाली इलॅस्टिकचे गेटर, म्हणजे पाय झाकणारे पट्टे, शिवून घेतले. पुढची पट्टी बुटाच्या जाळीवर येते आणि खालून बंदाने बांधता येते. छत्रीचं कापड घट्ट विणीचं आणि गुळगुळीत असल्यामुळे कुसळ त्यावर टिकत नाही, घसरून पडतं. वजन जवळजवळ नाहीच. विकतचे बर्फातले जाड गेटर घालून पोटऱ्या उकडून घेण्याची काही गरज नाही.

मोजे पातळ, नायलॉन मिसळलेले घ्या आणि जास्तीचे जोड ठेवा. दुपारी जेवायला बसलं की बूट-मोजे काढून पाय पूर्ण कोरडे करायचे आणि दुसरा जोड घालायचा. ओला जोड सॅकवर वाळत टाकायचा. दिवसभर भिजलेली कातडी मऊ पडते आणि फोड तिथेच येतात.

सॅक 30 लिटरची, पाठीमागे ताणलेली जाळी असलेली आहे. पाठ आणि सॅक यांच्यात बोटभर पोकळी राहते, तिथून वारा खेळतो. कोरड्या उन्हात फरक लगेच जाणवतो. दमट हवेत पाठ भिजतेच, पण निदान चिकटत नाही. फ्रेम वक्र असल्याने आतली जागा कमी होते आणि ओझं थोडं मागे ओढतं, म्हणून जड वस्तू पाठीला लागून भरावी. पावसाळी कव्हर पाठीची बाजू झाकत नाही आणि घाम तर त्याच बाजूने आत झिरपतो. त्यामुळे आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरलेलं उत्तम.

रेनकोट मी वापरणंच सोडलं आहे. चढावर तो घातला की बाहेरून पाऊस आणि आतून घाम, भिजायचं ते भिजतोच. अजिंठ्याच्या डोंगररांगेत वारा बेताचा असतो, तिथे साधी छत्री पुरते आणि उन्हाळ्यात तीच सावलीही देते. सह्याद्रीत रतनगडाकडे गेलं की मात्र वारा छत्री उलटी करतो, तिथे पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल पावसाळी झगा, लागतो.

पाण्याबाबत तडजोड नको. उन्हाळ्यात मी माणशी चार ते पाच लिटर नेते, कारण एप्रिलपर्यंत बहुतेक टाक्यांतलं पाणी आटलेलं किंवा हिरवं झालेलं असतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. पाकीट नेमक्या एक लिटर पाण्यातच घालायचं. त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि हे प्रमाण बिघडलं की उपयोग कमी होतो. सोबतचं माणूस असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर ट्रेक तिथेच थांबवायचा. सावलीत आडवं करायचं, अंग भिजवून वारा घालायचा आणि दवाखान्याची वाट धरायची.

रात्रीच्या मुक्कामाला, म्हणजे गावातल्या देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सुती चादर आणि मच्छरदाणी एवढं बास. फोमच्या मॅटला घामट पाठ चिकटते, वर चादर अंथरावी. स्लीपिंग बॅग पौष-माघासाठी.

आता जपणुकीचं, कारण दमट हवा पैसे इथेच खाते. बुटांच्या तळव्यातला मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, तंबू आणि पोंचोवरचा लेपही तसाच. उष्णता आणि ओल मिळून हे द्रव्य हळूहळू तोडतात, वापर झालेला असो वा नसो. माझ्या एका मैत्रिणीचे जेमतेम वापरलेले बूट पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होते. देवगिरीच्या पायऱ्यांवर त्यांचा तळवा सुटून आला आणि आतला थर बोटांनी चुरता येत होता. मी घरी आल्यावर सॅकच्या पट्ट्यांवरचं मीठ साध्या पाण्याने धुते आणि सगळं सावलीत वाळवते. सिंथेटिक कपड्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावत नाही, त्याने कापड घाम ओढेनासं होतं. तंबू त्याच्या घट्ट पिशवीत कोंबून न ठेवता उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल घालून घरातल्या कपाटात ठेवते, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून पंख्याखाली पसरते.