बुकिंग होतं, पैसे भरलेले नव्हते

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही ११ जण व्हिएतनामला गेलो. पुण्याचे पाच, नाशिकच्या दोघी मैत्रिणी, कोल्हापूरचा एक इंजिनिअर मुलगा, ठाण्याचे एक निवृत्त काका आणि सांगलीहून मी आणि माझा मामेभाऊ. नाशिकच्या दोघी आणि आम्ही भावंडं सोडली तर त्याआधी कुणी कुणाला ओळखत नव्हतं. इन्स्टाग्रामवर 'मराठी बॅकपॅकर्स'साठी १० दिवसांच्या ट्रिपची जाहिरात पाहून सगळे एकत्र आलेलो. हनोई, हा जिआंगचा डोंगरी रस्ता, रात्रीच्या रेल्वेने डा नांग, तिथून होई आन आणि शेवटी हो ची मिन्ह सिटी. विमानाचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं, बाकी सगळं 'ट्रिप लीडर' बघणार.

हा लीडर मुलगा पुण्याचाच. वय अठ्ठावीसच्या आसपास, प्रत्येकाला ताई, दादा, काका म्हणून बोलणारा. मी फोनवर तासभर प्रश्न विचारले, तरी एकदाही कंटाळला नाही. माझ्या आईशीसुद्धा बोलला. आईने विचारलं, "बाळा, मुलीला एकटीला सोडणार नाहीस ना?" तर म्हणाला, "काकू, ती माझ्या बहिणीसारखी आहे." हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

पैसे तीन हप्त्यांत यूपीआयने दिले, माझे ५८,०००. खातं कुणा बाईंच्या नावाचं होतं. विचारलं तर म्हणाला, "आईचं आहे, फर्मचं जीएसटीचं काम चालू आहे." पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर 'रिसीव्ह्ड, थँक्यू ताई'. त्याने माझा पॅन कधी मागितला नाही. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कागदपत्रांची कटकट नाही म्हणून. पण परदेशाची टूर पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस (विक्रेत्याने घेऊन सरकारकडे भरायचा कर) घ्यावाच लागतो, तो आपल्या पॅनवर जमा होतो, आणि बिलावर जीएसटी लागतो. ज्याला आपला पॅन नको आणि जो बिल देत नाही, तो सरकारदरबारी टूर ऑपरेटर म्हणून कुठेच नाही. हे मला परत आल्यावर एका सीए मैत्रिणीने सांगितलं. व्हिसाचे त्याने प्रत्येकी ५,५०० घेतले. व्हिएतनामच्या सरकारी साइटवर एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो, तेव्हाच्या भावाने २,१०० रुपये. पण याला मी फसवणूक म्हणत नाही. दलाली समजून सोडून दिली असती.

खरी फसवणूक बुकिंगच्या कागदांत होती, आणि ती नीट सांगायला हवी.

निघण्याच्या १५ दिवस आधी त्याने प्रत्येकाला पीडीएफ पाठवल्या. हनोईचं हॉस्टेल, होई आनचं होमस्टे, सायगावचं, म्हणजे हो ची मिन्ह सिटीचं, हॉटेल. बुकिंग क्रमांक, तारखा, आमची नावं, सगळं बरोबर. मी होई आनच्या होमस्टेला मेल करून विचारलं, त्यांनी 'हो, बुकिंग आहे' असं उत्तरही दिलं. मी निर्धास्त झाले. त्या पीडीएफच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'पे ॲट प्रॉपर्टी' आणि 'फ्री कॅन्सलेशन'. म्हणजे पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे, आणि अमुक तारखेपर्यंत बुकिंग फुकटात रद्द करता येतं. बुकिंग खरं होतं. फक्त त्यासाठी एक रुपयाही भरलेला नव्हता. आमची खात्री पटली आणि त्याने हनोईचं सोडून बाकीची बुकिंग एकेक करून रद्द केली.

हनोईतल्या पहिल्या दोन रात्री त्याने भरल्या होत्या. होआन कीएम तळ्याकाठी आम्हाला फिरवलं, अंड्याची कॉफी पाजली. दुसऱ्या रात्री सगळ्यांना बसवून म्हणाला, "जेवण, एंट्री फी, टिप्स यांची काँट्री काढू, प्रत्येकी १५० डॉलर." आम्ही दिले. १,६५० डॉलर रोख. सोयीसाठी सगळ्यांचे पासपोर्टही माझ्याकडे ठेवतो, असंही म्हणाला. तेव्हा ठाण्याचे काका म्हणाले, "पासपोर्ट माझ्या खिशातून हलणार नाही." त्यांचं पाहून आम्ही सगळ्यांनीच नकार दिला. काकांचे हे उपकार आम्ही कुणी विसरणार नाही. पासपोर्ट गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

पुढच्या रात्री हा जिआंगची स्लीपर बस होती. बस सुटायच्या अर्धा तास आधी त्याच्या पोटात दुखायला लागलं. "तुम्ही पुढे व्हा, मी उद्याच्या बसने येतो." त्यानंतर तो आम्हाला दिसला नाही.

हा जिआंगला बाइकची व्यवस्था पाहणारी बाई साधारण चाळिशीची होती. तिकडे मोठ्या बहिणीला 'ची' म्हणतात, आम्हीही तिला तशीच हाक मारू लागलो. जाहिरातीत 'स्वतः बाइक चालवा' होतं आणि लीडरने सांगितल्यावरून आमच्यातल्या चौघांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाने काढले होते. तिने ते पाहून नकारार्थी मान हलवली. भारतात मिळतो तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला परवाना, व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतं. त्यावर बाइक चालवली तर विनापरवानाच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तिने सरळ तिचे चालक दिले आणि आम्हाला मागे बसवलं. उरलेल्या पैशांसाठी लीडरला फोन केला, तो म्हणाला संध्याकाळी पाठवतो. तिने विश्वास ठेवला आणि आम्ही निघालो.

तो रस्ता फार सुंदर आहे. दुसऱ्या दिवशी मा पी लेंग खिंडीत उभं राहिलं की खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. लीडरचा मेसेज आला, 'ग्रुप फोटो पाठवा ना, मिस करतोय तुम्हाला.' मीच पाठवला.

त्या संध्याकाळी दू जियाच्या होमस्टेमध्ये जेवणं झाल्यावर ची माझ्याशेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी फार येत नव्हतं. तिने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, आकडे दाबले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. माणशी ३८ लाख डाँग, म्हणजे आपले साडेबारा हजारांवर. मग जमा झालेला आकडा दाखवला. फक्त चौघांचा २० टक्के ॲडव्हान्स. मग तिने हातानेच विचारलं, बाकी कुठे? तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. अकरा चालकांना पैसे द्यायचे होते तिला.

त्या रात्री आम्ही ११ जण पहिल्यांदा एकमेकांशी पैशांवर बोललो. ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप तीन महिने होता, पण मेसेज फक्त ॲडमिन टाकू शकत होता. 'गर्दी नको म्हणून' असं तो म्हणायचा. आता कळलं की कुणी ५२,००० दिले होते, कुणी ६४,०००. नाशिकच्या दोघींनी रेल्वेची तिकिटं उघडून मोबाइल शेजारी-शेजारी ठेवले. नावं वेगळी, पासपोर्ट क्रमांक वेगळे, तिकिटाचा कोड एकच. मग सगळ्यांनी आपापलं तिकीट काढलं. अकराही तिकिटांवर तोच कोड. हनोई स्टेशनवर कळलं की एकच तिकीट खरं होतं, कोल्हापूरच्या मुलाचं. बाकीची त्यावरच नावं बदलून बनवलेली. त्या मुलाने गाडी सोडली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर बसने आला.

परतीचं विमान हो ची मिन्ह सिटीहून होतं, त्यामुळे आख्खा देश उभा ओलांडणं भाग होतं. चीचे पैसे आम्ही पूर्ण दिले. तिची काही चूक नव्हती. माझे वरचे ३६,००० गेले. लीडरचे दोन-तीन दिवस व्हॉइस नोट्स आले, 'व्हेंडरने घोळ केलाय', मग नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला. पैसे जाऊन काही तास झाले असतील तर ते खात्यात अडवता येतात. आमचे तीन महिने जुने, त्यामुळे फक्त तक्रार नोंदली गेली. पोलिसांकडे पहिल्यांदा 'हा दिवाणी मामला आहे' हेच ऐकावं लागलं. एका कोडची अकरा तिकिटं छापून टेबलावर ठेवली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा घेतला. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी सांगलीत केली आहे. अकरापैकी दोघांनी सही केली नाही. घरी कळेल म्हणून. त्यांना मी दोष देत नाही, पण अशा गप्प बसण्यामुळेच त्याचं काम सोपं होतं.

तुमच्या हातात बुकिंगची पीडीएफ असेल तर आत्ता उघडा आणि पैसे भरल्याचं लिहिलंय का बघा. हॉटेलला 'बुकिंग आहे का' असं विचारू नका, 'पूर्ण पैसे मिळाले का, आणि हे रद्द कोण करू शकतं' असं विचारा. आणि बरोबर येणाऱ्या किमान दोघांशी लीडरला न सांगता फोनवर बोला.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा साताऱ्याच्या एका मुलीचा मला मेसेज आला. नवीन नावाच्या पेजवर लाओसच्या ट्रिपची जाहिरात आहे, १०,००० भरून जागा पक्की करायची आहे. तिने पोस्टर पाठवून विचारलं, "ताई, या फोटोत तुम्हीच आहात ना? ट्रिप कशी झाली?" फोटो मा पी लेंगचा. लाल जॅकेट घालून मधे उभी आहे ती मीच. मी तिला लगेच फोन लावला.