मेंढपाळ मामांकडे केव्हा जावे: भाद्रपदात गावी की माघात वाड्यावर?

आमचे आजोळ फलटण भागातल्या माळरानावर आहे आणि मामांचा धंदा पिढीजात मेंढपाळीचा असल्यामुळे, त्यांच्याकडे जायचे म्हटले की ते कोठे भेटतील हे आधी ठरवावे लागते. पावसाळ्यात कळप गावी असतो. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळपाबरोबर फिरणारे बिऱ्हाड, घाट उतरून कोकणात जातो आणि तिथल्या पावसाचिखलात मेंढ्यांचे खूर कुजतात म्हणून मृगाच्या आत वर परततो.

गावची भेट सोयीची आहे. पक्के घर, वीज आणि एसटी आहे, शिवाय भाद्रपदात जवळच चारा असल्यामुळे माणसांना बोलत बसायला सवड असते. गुडघे दुखणारी आजी किंवा तान्हे मूल बरोबर असेल, तर दुसरा विचारच करू नये. घोंगडी हवी असली तरी गावीच विचारावे. दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीला आता भाव उरलेला नाही, ही गोष्ट वेगळी. मात्र मेंढ्या दिसतात त्या सकाळी वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, सुटताना आणि दिवेलागणीला परतताना, तेवढ्याच.

वाड्यावर पाहुणा कळपातच राहतो. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात, त्याबद्दल भात किंवा रोख रक्कम देतात, आणि एक-दोन रात्रींनी मुक्काम हलतो. त्यामुळे ठिकाण आठवडाभर आधी विचारून उपयोग नाही, निघायच्या सकाळीच फोन करावा. मामा कळप घेऊन पुढे गेले की मामी वाघर, भांडी, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे घोड्यावर लादतात आणि नव्या शिवारात तीन दगडांची चूल मांडतात. संध्याकाळी मेंढ्या परतल्यावर कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, हे त्या अंधारातही नुसत्या ओरडण्यावरून सांगतात. हे गावी पाहायला मिळत नाही.

गैरसोय अर्थातच आहे. उघड्यावर झोपावे लागते, पहाटे दहिवराने पांघरूण ओले होते, आणि कुत्री अनोळख्याला जवळ फिरकू देत नाहीत, म्हणून बांधावरूनच हाक द्यावी. तरीही धडधाकट माणसाने पहिली भेट वाड्यावरच द्यावी, असे माझे मत आहे. फक्त मुक्काम एका रात्रीचा ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड आवरताना पाहुण्याची जेवणे मामींच्याच अंगावर पडतात. जाताना मिठाईऐवजी साखर, चहापूड आणि एक चांगली बॅटरी न्यावी.