दहा-बारा माणसांचा धंदा आणि आजारपणाचा खर्च : ईएसआय, गट विमा, घरची पॉलिसी की शासनाची योजना?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप चालवले आणि त्या काळात बँकेच्या हप्त्यापेक्षा आजारपणाने धंदा अधिक वेळा अडचणीत आलेला पाहिला. हल्ली ओळखीतले तरुण मालक, मग ते शेंद्र्यातले असोत, जालन्यातले असोत की लातूरच्या डाळमिलचे असोत, एकच प्रश्न विचारतात : कामगारांसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पुरेसे आहे का, की गट विमा, म्हणजे सगळ्यांचा एकत्र आरोग्य विमा, घ्यावा, आणि हे दोन्ही असताना स्वतःच्या घरासाठी वेगळी पॉलिसी खरोखर लागते का? या पर्यायांची तुलना बहुतेक जण हप्त्याच्या आकड्यावरून करतात. माझ्या मते हप्ता किती, याच्याइतकाच तो कोणत्या महिन्यात भरावा लागतो आणि धंदा मंदावल्यावर संरक्षणाचे काय होते, हाही विचार महत्त्वाचा आहे. कारण मराठवाड्यातल्या छोट्या धंद्याची तंगी बारमाही नसते, ती ठरावीक महिन्यांत येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्याला ईएसआय ऐच्छिक नाही. त्यामुळे अशा मालकापुढे “ईएसआय की गट विमा” असा प्रश्न नसून “ईएसआयच्या जोडीला काय” असा प्रश्न आहे. बारा माणसांपैकी तिघांना हजेरीपटाबाहेर ठेवून नऊ दाखवण्याची वाट काही जण धरतात. तपासणीत हे उघड झाले की मागील सगळी वर्गणी, तीवर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड असे सारे एकदम भरावे लागते, आणि मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. याहून वाईट म्हणजे त्या तिघांपैकी एकाचे बोट प्रेसखाली गेले, तर त्याच्या नुकसानभरपाईची पूर्ण जबाबदारी मालकाच्याच अंगावर येते.

१९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना लागू आहे. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. पंधरा हजार वेतन असलेल्या कामगारामागे मालकाला महिन्याला साधारण ४८८ रुपये पडतात आणि कामगाराचे सुमारे ११३ रुपये कापले जातात. असे बारा कामगार असतील, तर मालकाचा खर्च महिन्याला सुमारे ५,८५० आणि वर्षाला सुमारे ७०,२०० रुपये होतो. ही रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. या रचनेचा एक फायदा फारसा कोणी लक्षात घेत नाही : वर्गणी वेतनाशी बांधलेली असल्यामुळे ऑर्डरी घटून पाळी बंद ठेवावी लागली आणि वेतन कमी झाले, की वर्गणीही आपोआप कमी होते. गट विम्याचा हप्ता मात्र बहुधा वर्षाच्या आरंभीच एकरकमी द्यावा लागतो आणि पुढे काम मिळो वा न मिळो, तो गेलेलाच असतो.

ईएसआयमध्ये उपचाराच्या खर्चाला माणशी ठरावीक कमाल रक्कम नाही, आधीचा आजार आहे का अशी विचारणा नाही, आणि कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. पण माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे कामगार आजारी पडला की तो मालकाकडे उचल मागतो. दवाखान्याचे बिल विम्यातून भागले तरी दीड महिना पगार नसताना घरचे रेशन, खोलीचे भाडे, मुलांची फी यांचे काय, हा प्रश्न उरतोच. मालक माणुसकीने उचल देतो, ती फिटायला वर्ष लागते, आणि अशा तीन-चार उचली एकदम उभ्या राहिल्या की खेळत्या भांडवलाला भोक पडते. मेडिक्लेम, म्हणजे रुग्णालयाचे बिल भरणारा विमा, या ठिकाणी काहीच देत नाही. ईएसआय मात्र आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम कामगाराच्या खात्यात जमा करते, त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. काही दीर्घ आजारांत ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण वेतन आहे, आणि कामावरच्या अपघातात तात्पुरते अपंगत्व आल्यास ९० टक्के वेतन आहे. नवीन कामगाराला रोख लाभ लगेच सुरू होत नाहीत, हे मात्र त्याला पहिल्याच महिन्यात समजावून सांगावे, नाहीतर गैरसमज होतात.

उणिवाही खऱ्या आहेत. छत्रपती संभाजीनगरचे ईएसआय रुग्णालय चिकलठाण्याला आहे. वाळूजच्या कामगाराला तिथे जायचे म्हणजे सगळे शहर ओलांडायचे आणि एक दिवस मोडायचा. म्हणूनच अनेक कामगार वर्गणी कापली जात असूनही जवळच्या खासगी डॉक्टरकडे खिशातून पैसे भरतात. ज्यांचे युनिट रुग्णालयापासून दूर आहे, त्यांनी आपल्या भागातला दवाखाना आणि संलग्न खासगी रुग्णालय कोणते, हे गरज पडण्याआधीच विचारून भिंतीवर लिहून लावावे. दुसरी अडचण २१,००० च्या रेषेची आहे. अनुभवी सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरचा पगार ती रेषा ओलांडतो, आणि ज्या माणसावाचून मशीन थांबते तोच संरक्षणाबाहेर पडतो. वर्गणी-काळाच्या मध्येच पगार वाढला, तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, तो कामगार योजनेत राहतो. त्या मुदतीत त्याच्यासाठी दुसरी सोय करून ठेवावी. तिसरी बाब म्हणजे प्रोप्रायटर असलेला मालक स्वतः यात कधीच येत नाही.

गट विम्याची जागा नेमकी इथे आहे. साधारणपणे सात माणसांपासून विमा कंपन्या असा गट स्वीकारतात, अनेक गट पॉलिसींमध्ये आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते, आणि कॅशलेस सोय (बिल विमा कंपनी परस्पर भरते) असलेल्या खासगी रुग्णालयात कामगाराला सन्मानाने दाखल होता येते. बीपी-शुगर असलेल्या पन्नाशीच्या फोरमनला वैयक्तिक पॉलिसी मिळवणे अवघड असते, त्याच्यासाठी तर ही फार मोठी सोय आहे. तरीही छोट्या गटाच्या बाबतीत दोन गोष्टी मालकाने आधी समजून घ्याव्यात. गटाचा पुढच्या वर्षीचा हप्ता यंदाच्या दाव्यांवर ठरतो. पंधरा माणसांत एकाची बायपास झाली, तर पुढचा दर पाहून मालक पॉलिसीच बंद करण्याचा विचार करू लागतो. दुसरे म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला असला, तरी गट पॉलिसीवर १८ टक्के कायम आहे. म्हणजे एक लाखाच्या हप्त्याला १,१८,००० रुपये मोजावे लागतात, आणि कायद्याने बंधनकारक नसलेल्या अशा विम्यावरच्या कराचा परतावाही घेता येत नाही. कामगारांसाठीचा हप्ता बँकेतून भरल्यास तो धंद्याचा खर्च म्हणून धरला जातो, ही त्यातली जमेची बाजू.

गट विमा म्हणजे कामगारांच्या अपघाताची सोय, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि तो धोकादायक आहे. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भरतो. कामावर हात गमावलेल्या माणसाला द्यावी लागणारी नुकसानभरपाई भरत नाही. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराच्या बाबतीत ती जबाबदारी योजना उचलते, बाहेर असलेल्यांसाठी कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. प्रेसशॉप, फॅब्रिकेशन, जिनिंग आणि डाळमिल यांनी तरी ही बाब पुढच्या वर्षावर ढकलू नये. शिवाय वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना प्रत्येक कामगाराच्या बँक खात्यावर सुरू आहे का, हेही पाहून घ्यावे.

आता मालकाच्या घराविषयी. यावर मी अधिक सविस्तर लिहितो, कारण इथली चूक मी स्वतः केली आहे. आमच्या घरची कौटुंबिक पॉलिसी जूनमध्ये संपत असे. एका वर्षी मोठ्या ग्राहकाकडून चार महिन्यांची बिले अडकली होती, सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातली कर्जमर्यादा काठोकाठ वापरून झाली होती, आणि पगार, वीजबिल, जीएसटी भागवताना सर्वांत आधी मी घरच्या विम्याचा हप्ता मागे टाकला. पैसे आले तेव्हा मुदतीनंतर चाळीस दिवस उलटले होते. वार्षिक हप्त्याला सवलतीची मुदत ३० दिवसांची असते. विमा कंपनीने मला नवी पॉलिसी दिली, पण जुनी सलगता गेली आणि पित्ताशयाच्या खड्यांसारख्या ठरावीक आजारांचा दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी, ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुढच्याच वर्षी पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया करावी लागली. दावा नाकारला गेला आणि तो नियमाप्रमाणेच नाकारला गेला. ते बिल मी तिचे दागिने गहाण ठेवून भरले. हे आजही मला बोचते, कारण ज्या रकमेसाठी हप्ता थांबवला ती रक्कम त्या बिलापुढे अगदी किरकोळ होती.

म्हणून माझे ठाम मत आहे की मालकाच्या कुटुंबाची पॉलिसी धंद्याच्या गट पॉलिसीत कधीही गुंतवू नये. गटात घरच्यांची नावे घालता येतात, ते सोयीचेही वाटते, पण धंदा आजारी पडला की गट पॉलिसी बंद होते आणि घर नेमके त्याच वेळी उघडे पडते. वैयक्तिक पॉलिसीत भोगून संपवलेला प्रतीक्षा कालावधी आपल्या नावावर जमा राहतो. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा हा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा करण्यात आला आहे, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. ही पाच वर्षे तुटू न देणे, हाच या पॉलिसीतला खरा ठेवा आहे. करसवलत मात्र फक्त जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना आहे : स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० रुपयांपर्यंत, आणि आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी आणखी ५०,००० पर्यंत.

नूतनीकरणाची तारीख निवडणे हा मराठवाड्यात तरी गंभीर विषय आहे. कृषी सेवा केंद्र, डाळमिल, ट्रॅक्टर दुरुस्ती किंवा किराणा यांची उधारी सोयाबीन-कापूस बाजारात आल्यावर वसूल होते, आणि जूनमध्ये बी-बियाणे व खते भरण्यात सगळा पैसा बाहेर असतो. अशा मालकाने पॉलिसी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुरू करावी. ज्याची आवक महिन्याला येते त्याने मासिक किंवा तिमाही हप्ता घ्यावा. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि तिमाहीला ३० दिवसांची सवलत असते, आणि पॉलिसीच्या मुदतीत हप्त्याने भरणाऱ्याचे संरक्षण त्या दिवसांतही चालू राहते. वार्षिक हप्ता थकला पण सवलतीच्या ३० दिवसांत भरला, तर सलगता टिकते पण मधल्या दिवसांतल्या आजाराचा खर्च मिळत नाही. आणि जॉबवर्क करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून बिलावर तिचा क्रमांक छापावा. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत देणे ग्राहकाला बंधनकारक आहे, आणि त्या मुदतीत न देता ३१ मार्चलाही थकीत ठेवल्यास त्या वर्षी तो खर्च त्याला प्राप्तिकरात धरता येत नाही. ऑर्डर जाईल या भीतीने आपण हे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ग्राहकाच्या हिशोब विभागाला मार्चपूर्वी साधी आठवण लिहिली तरी फरक पडतो.

शासनाच्या योजनेबद्दल थोडक्यात. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आता सर्व रंगांच्या रेशनकार्डधारकांना तिचा लाभ आहे आणि आयुष्मान भारतच्या जोडीने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र उपचार यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेशी जोडलेले हवे. मध्यरात्री जवळचे रुग्णालय यादीत नसेल, तर कार्ड खिशातच राहते. त्यामुळे मी हिला मुख्य आधार मानत नाही, पण चार माणसांच्या दुकानातल्या ज्या कामगाराला ईएसआय लागू नाही आणि गट विमाही मिळत नाही, त्याच्यासाठी हे कार्ड फार मोलाचे आहे. मालकाने अर्धा दिवस काढून सगळ्यांची ई-केवायसी करून घ्यावी. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचे स्वतंत्र संरक्षण मिळते, खासगी पॉलिसी असली तरीही.

तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असतील, तर ईएसआय काटेकोर चालवावे आणि २१,००० च्या वरच्या लोकांपुरता गट विमा पाहावा. गटाला लागतात तेवढी माणसे नसतील, तर त्यांच्या वैयक्तिक पॉलिसीचा काही भार मालकाने उचलावा. दहाच्या आत असाल, तर सगळ्यांचे शासकीय कार्ड, अपघाताची पॉलिसी आणि जमल्यास छोटा गट. घरची पॉलिसी या सगळ्याच्या आधी घ्यावी, आणि सही करण्यापूर्वी खोलीभाड्याची मर्यादा वाचावी. मर्यादा दिवसाला ५,००० ची असताना आपण ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे तीन हजारच नव्हे, डॉक्टरांच्या फीपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचा खर्च त्याच प्रमाणात कापला जातो. ज्या रुग्णालयात आपण खरोखर जाणार आहात, मग ते संभाजीनगरचे असो, सोलापूरचे की हैदराबादचे, तिथल्या विमा कक्षात आधी एकदा जाऊन साध्या खोलीचे भाडे आणि कॅशलेसची सोय विचारून यावी.