हुकवाला डिजिटल काटा : हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशवीसाठी घेतला, आठ महिने वापरून लिहितेय

मी सांगलीत विश्रामबागला एका 30 बेडच्या हॉस्पिटलमध्ये इनचार्ज सिस्टर आहे. हा काटा गणपती पेठेतून साडेसहाशेला घेतला, 50 किलोपर्यंतचा, वर धरायला कडी आणि खाली हुक, धान्याचं पोतं नाहीतर गॅसची टाकी अडकवून बघतात ना तसलाच. हॉस्पिटलसाठी म्हणून वेगळा घ्यायची गरज नाही.

घ्यायचं कारण म्हणजे बिल. आमचा बायोवेस्टचा, म्हणजे दवाखान्यातला रक्त वगैरे लागलेला कचरा उचलून न्यायचा, करार किलोवर आहे आणि दर महिन्याला सर विचारायचे सिस्टर एवढं कसं आलं, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं कारण गाडीवाले वजन करणार आणि आम्ही सही करणार. शेवटी म्हटलं आपलं आपण मोजून तर बघूया.

पहिल्या आठवड्यात नुसतं मोजलं, कुणाला काही बोलले नाही. प्रत्येक वॉर्डची पिवळी पिशवी (रक्ताचे बोळे, ड्रेसिंग असला जाळायला जाणारा कचरा) संध्याकाळी हुकाला अडकवायची आणि वहीत लिहायचं. रोजचे अकरा-साडेअकरा किलो फक्त पिवळ्याचे. मेल वॉर्डची एक पिशवी एवढी जड निघाली की मला वाटलं काटाच बिघडला. जाड ग्लोव्ह्ज, मास्क, एप्रन घालून पिशवीचं तोंड सोडून वरूनच बघितलं (आत हात घालायचा नाही, कुणीच) तर तीन शहाळी! नातेवाईक पेशंटला शहाळ्याचं पाणी पाजतात आणि कॉटशेजारी जो डबा दिसेल त्यात टाकतात, त्यांची काय चूक, डबा तिथं आम्हीच ठेवलेला. आता हे ओलं शहाळं जाणार कुठं तर भट्टीत, जिथं दुसऱ्या चेंबरला 1050 डिग्रीच्या आसपास तापमान ठेवावं लागतं, म्हणजे ते पाणी जाळायला इंधन जाणार आणि किलोचे पैसे आपण भरणार. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात ते फुकट गेलं असतं.

मग बाकीच्या पिशव्या पण तशाच बघितल्या. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ग्लोव्ह्जची कागदी पाकिटं, सिरिंजची वेष्टनं, सलाईनच्या बाटलीवरचं बाहेरचं कव्हर. वॉर्डात चहाचे कप, केळ्याच्या साली, पेपर. यातल्या कशालाच रक्त लागलेलं नाही. दवाखान्यातला साधारण 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ट्रेनिंगला दर वर्षी ऐकलेलं पण काट्यावर बघितलं तेव्हा पटलं.

लाल पिशवीचा (वापरलेल्या प्लॅस्टिकची) घोळ वेगळाच निघाला. आमच्याकडे जुनी सवय, सिरिंज आणि सलाईनचे सेट हायपोच्या (जंतुनाशक द्रावणाच्या) बादलीत भिजवायचे आणि मग निथळलं न निथळलं तसंच पिशवीत. बायोवेस्टच्या 2016 च्या नियमात जागेवर आधी प्रक्रिया करायची सांगितलीय ती लॅबचा कचरा, रक्ताचे नमुने, ब्लड बॅग यांना, लाल पिशवीतलं प्लॅस्टिक गाडीवाल्यांच्या प्लांटवर ऑटोक्लेव्ह होऊन (वाफेने निर्जंतुक करून) तुकडे करायच्या श्रेडरखाली जातंच. म्हणजे आम्ही हायपोवर पण खर्च करत होतो आणि वर त्या पाण्याचं वजन भरत होतो. युरोबॅगचं (पेशंटची लघवी जमते ती पिशवी) तेच, रिकामी न करता टाकलेली एक बॅग सहज किलोच्या वर जाते. आता लघवी ठरलेल्या सिंकमध्ये ओतून मगच बॅग लालमध्ये जाते.

जास्त काही केलं नाही खरं तर. कॉटशेजारचे पिवळे-लाल डबे उचलले आणि ड्रेसिंग ट्रॉलीबरोबर फिरते केले, जिथं जखम उघडतेय तिथंच पिवळा डबा असावा एवढं साधं. कॉटशेजारी साध्या सुक्या कचऱ्याचा काळा डबा, आणि व्हरांड्यात ओल्याचा मोठा हिरवा, त्यावर शहाळ्याचं चित्र चिकटवलं कारण वाचता न येणारे पण नातेवाईक असतात आणि मिरजेकडं कर्नाटकातनं येणारे पेशंट आमच्याकडं पण येतात त्यांना मराठी वाचता येत नाही. ओटीत पेशंट आत घ्यायच्या आधीच सगळी पाकिटं उघडून वेष्टनं काळ्या पिशवीत टाकून ती पिशवी बाहेर काढायची, म्हणजे रक्ताशी गाठच नाही. सलाईनचे खोके भंगारवाल्याला, त्यातनं मावशींचा चहा सुटतो.

तिसऱ्या महिन्यापासून पिवळ्याचं वजन रोज साडेसहाच्या आसपास आलं. महिन्याला दीडशे किलो कमी, बिलात चार हजारांच्या जवळपास फरक, शिवाय पिवळ्या पिशव्या कमी लागतात ते वेगळंच. तुमचा करार बेडच्या संख्येवर असेल तर बिल लगेच कमी होणार नाही हे पण सांगते, पण पिशव्या आणि हायपो तरी वाचेल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. वजन कमी आलं की लगेच खूश होऊ नका. मी आधी जिथं होते तिथं एका मावशींना काळ्या पिशवीतली स्काल्प व्हेनची (शिरेत लावायची बारीक) सुई टोचली, गाठ मारताना. मग रक्त तपासण्या, एचआयव्ही टाळायला 72 तासांच्या आत सुरू करायच्या गोळ्या, आणि त्या बाईंची कित्येक आठवडे झोप उडालेली मी बघितलीय. सुई म्हणजे आरपार न टोचणारा पांढरा डबा, ॲम्प्यूल-व्हायल (इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या) निळ्यात, रक्ताचा बोळा पिवळ्यातच, तिथं एक ग्रॅम वाचवायचा नाही. म्हणून मी वहीत काळ्या पिशवीचं पण वजन लिहिते. पिवळं उतरलं की काळं वाढलं पाहिजे, पण जर एखाद्या ड्युटीला पिवळं अगदीच खाली गेलं आणि त्या दिवशी ड्रेसिंग तर भरपूर होती, तर मी त्या ड्युटीशी जाऊन बोलते, ओरडत नाही. आणि सगळ्या मावशी-मामांचे हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत का ते आधी बघा, काटा नंतर घ्या.

आता काट्याबद्दल. रीडिंग थोडं नाचतं, पिशवी हलायची थांबली की दोन-तीन सेकंदांत स्थिर होतं आणि मग आकडा धरून ठेवतो, हे चांगलंय कारण एका हाताने उचलून दुसऱ्याने लिहिता येतं. अंधाऱ्या स्टोअरमध्ये आकडे दिसतात. हुक टोकदार आहे, पिशवी फाटू शकते, म्हणून आम्ही हुकाला एक बादली लटकवून तिचं वजन शून्य करून घेतो आणि पिशवी बादलीत ठेवतो, रोज पुसून काढता पण येते. पहिला पीस दोन किलो जास्त दाखवत होता, दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला. घरी आणल्यावर 500 मिलीच्या दोन भरलेल्या सलाईनच्या बाटल्या लटकवून बघा, किलोच्या थोडं वर आलं पाहिजे. सेल आठ महिन्यांत दोनदा बदलले. वैधमापनचा शिक्का नाही, त्यामुळे बिलावरून गाडीवाल्याशी वाद घालायला हा चालणार नाही, आपल्या हिशोबापुरता आहे. तरी त्यांच्या आणि माझ्या आकड्यात शंभर-दोनशे ग्रॅमच्या वर फरक आला नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात रस्ते बंद होते आणि गाडी येऊ शकली नव्हती, पिवळी पिशवी 48 तासांच्या वर ठेवायची नाही हे माहीत असून खोली भरत चाललेली बघत बसलो होतो. तेव्हा हा काटा असता तर अर्धी खोली तरी मोकळी राहिली असती असं मला अजून वाटतं.

पाचपैकी चार, एक मार्क हुकासाठी कापला. वरच्या मजल्यासाठी दुसरा घेतेय, या वेळी मोठ्या गोल हुकाचा मिळतो का बघणार.