हॅझार्डसची नोंद: नऊ महिन्यांनंतर, एका रिकाम्या चौकोनाबद्दल

हेवी ट्रान्सपोर्टचं लायसन्स हातात आहे आणि आता टँकरवर जायचा विचार चाललाय, अशा भावांसाठी हे लिहितोय. लर्निंग, टेस्ट, डॉक्टरचा १-अ फॉर्म हे तुमचं करून झालेलं असणार, त्यात शिरत नाही. आत्ता लायसन्स बाहेर काढा आणि उलटं करा. २०१९ नंतरच्या नव्या पद्धतीच्या कार्डावर मागं बारीक इंग्रजी अक्षरात ‘हॅझार्डस व्हॅलिडिटी’ लिहिलंय. त्यापुढची जागा नखाएवढी आहे. तिथं तारीख नसेल तर धोकादायक मालाची गाडी तुमच्यासाठी नाही, खिशात कितीही कागद असोत. मी कागद घेऊनच गेलो होतो.

शेजारी ‘हिल व्हॅलिडिटी’ असा आणखी एक रकाना आहे. तो आपल्याकडं भरलेला मी अजून पाहिला नाही. आंबा, फोंडा, आंबोली घाटात ज्यांची हयात गेली त्यांचाही रिकामाच आहे. त्यानं माझं कुठं अडलं नाही. अडलं ते हॅझार्डसनं.

अकरा वर्षं मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, भरून चाकणला टाकत होतो. गेल्या वर्षी मालकांनी दोन टँकर घेतले, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून इथेनॉल उचलून तेल कंपनीच्या डेपोत पोचवायचं काम. भत्ता बरा आणि आठवड्यातनं चार रात्री घरी झोपायला मिळणार, म्हणून मी हो म्हटलं. ऑक्टोबरमध्ये तीन दिवसांचा कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, एजंटामार्फत लायसन्सवर नोंदीचा अर्ज टाकला. पोचपावती आली. नोव्हेंबरच्या शेवटी पहिली खेप लागली. डिस्टिलरीच्या गेटवर सर्टिफिकेट बघितलं आणि सोडलं.

डेपोच्या गेटवर मात्र सगळं बघतात. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारा स्पार्क अरेस्टर, दोन्ही फायर एक्स्टिंग्विशर, फर्स्ट-एड पेटी, ट्रेमकार्ड म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, अंगावर सुती कपडे आहेत का, मोबाईल जमा केला का. सगळं बरोबर निघालं. शेवटी तिथल्या माणसानं लायसन्स घेतलं, उलटं केलं, अंगठ्यानं तो रकाना पुसल्यासारखा केला आणि परत दिलं.

“मामा, नोंद नाही.”

मी सर्टिफिकेट पुढं केलं, पोचपावती पुढं केली. त्यानं त्याच्या स्क्रीनवर नंबर टाकून बघितला. तिथंही नाही. “कार्डावर पाहिजे, नाहीतर सारथीवर, लायसन्सच्या सरकारी साईटवर, दिसायला पाहिजे. दोन्हीकडं नाही. गाडी बाजूला घ्या.”

भरलेला टँकर घेऊन दोन रात्री डेपोबाहेर काढल्या. ज्याच्या कार्डावर नोंद आहे असा ड्रायव्हर मालकांनी शेवटी एसटीनं पाठवला, तेव्हा गाडी रिकामी झाली. माझी दोन दिवसांची हजेरी गेली. मालक वाईट बोलले नाहीत, पण त्यांच्या आवाजात जो फरक पडला तो मला दोन दिवसांच्या पैशांपेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या ताईंनी दोन मिनिटांत सांगितलं, अर्ज तीन आठवड्यांपूर्वीच परत पाठवलाय. सर्टिफिकेटवरचा लायसन्स नंबर आणि माझा नंबर जुळत नाही. बघितलं तर शेवटून तिसरा आकडा ३ च्या जागी ८. एवढंच. आणि अर्ज परत आल्याचा मेसेज मला का आला नाही? कारण एजंटानं अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाकला होता. मेसेज त्याच्याकडं पडून होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “शंभर जणांचे मेसेज येतात, कुणाकुणाचे बघू?”

म्हणून पहिला सल्ला: अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाका. मधला माणूस कितीही ओळखीचा असो, पाहुणा असो, तुमचाच नंबर टाका.

मग सुरू झाले ट्रेनिंग संस्थेचे हेलपाटे. नाव घेत नाही, कारण तिथल्या शिकवणाऱ्या सरांबद्दल मला आदर आहे आणि त्यावर खाली बोलणारच आहे. पण तिथलं ऑफिस! पहिल्यांदा गेलो, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा, कॉम्प्युटर बंद. तिसऱ्यांदा म्हणाले, दुरुस्तीचे पाचशे रुपये पडतील. मी माझा भरलेला फॉर्म त्यांच्याच फाईलमधून काढायला लावला. त्यात माझ्या हाताचा ३ स्वच्छ दिसत होता. चूक टाईप करणाऱ्याची. मग मी पैसे का देऊ? घरात मंडळी म्हणाली, पाचशे वाचवायला चारशेचं पेट्रोल जाळताय, देऊन टाका. मी दिले नाहीत. ज्याची चूक त्यानं निस्तरायची, इथं हिशोब पेट्रोलचा नसतो. चौथ्या हेलपाट्याला सर्टिफिकेट दुरुस्त होऊन फुकटात मिळालं. सर्टिफिकेट देताना माझ्यासमोर नंबर वाचून दाखवला असता तर हे काहीच झालं नसतं. त्या एका आकड्याचा राग माझा आजही गेलेला नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवं कार्ड आलं. पाकीट फोडून आधी पाठच बघितली. तारीख होती.

पूर्वी ही नोंद फक्त एक वर्ष चालायची. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांची झाली, आणि साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. म्हणजे एकाच कार्डावर दोन वेगळ्या तारखा. लायसन्स जिवंत आहे म्हणून हॅझार्डसही जिवंत आहे असं धरून चालू नका. नूतनीकरणाला पुन्हा एक दिवस बसायला लागेल असं संस्थेत सांगितलंय. ते मी आनंदानं बसेन, आणि हे वाक्य मी ऑक्टोबरमध्ये लिहिलं नसतं.

खरं सांगायचं तर कोर्सला जाताना मला तो वैताग वाटत होता. अकरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ब्रेकिंग डिस्टन्स काय शिकवणार? तीन दिवसांची हजेरी बुडणार ती वेगळीच. गाडीतळावर एकानं सांगितलंही होतं की बसायची गरज नाही, थोडे जास्त द्या, सर्टिफिकेट घरपोच येतं. मी ते केलं नाही, कारण पैसे जास्त लागत होते. त्या वेळी माझं कारण तेवढंच होतं.

वर्गात आम्ही चौदा जण. नियमात या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं असं आहे. आमच्यातल्या दोघांना इंग्रजीची धास्ती होती. सरांनी त्यांना पुढं बसवलं आणि आधी फक्त गाडीवरची पाटी वाचायला शिकवली. मी अकरा वर्षं हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागनं गेलोय, ‘१२०३’ हजारदा बघितलंय, पण तो त्या मालाचा जगभर एकच असलेला यूएन नंबर आहे हे मला माहीत नव्हतं. इथेनॉलचा ११७०. स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. त्याच्या वरची अक्षरं म्हणजे हॅझकेम कोड. पेट्रोलला ‘३ वाय ई’, इथेनॉलला ‘टिंब २ वाय ई’. आकडा आग विझवणाऱ्याला सांगतो की ३ म्हणजे फोम, २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा. टिंब सांगतं की साधा फोम चालणार नाही, अल्कोहोलला टिकणारा पाहिजे, कारण इथेनॉल पाण्यात मिसळतं आणि साधा फोम फोडून टाकतं. वाय म्हणजे आग लागली तर श्वासाचं उपकरण लावूनच जवळ जायचं, आणि सांडलेलं अडवायचं, गटारात-ओढ्यात जाऊ द्यायचं नाही. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. एवढ्याशा पाटीत एवढं लिहिलेलं असतं, आणि आपण तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी आम्हाला आवारात उन्हात उभं केलं. स्टीलच्या ताटलीत दोन चमचे स्पिरिट ओतलं, लांब काडीनं काहीतरी केलं आणि बाजूला झाले. आम्ही बघत राहिलो, पेटलं की नाही? ताटली नुसती चमकत होती. सरांनी आंब्याचं एक वाळकं पान चिमट्यात धरून ताटलीवर नेलं. पानाचं टोक काळं झालं, आत मुडपलं आणि मग त्यातून धूर आला. ज्वाळा त्या उन्हात शेवटपर्यंत दिसली नाही. चौदा ड्रायव्हर, कुणी बोलेना. सर एवढंच म्हणाले, “पेट्रोलची आग तुम्हाला दिसते. ही दिसेलच असं धरू नका.”

एप्रिलमध्ये ते पान मला आठवलं. किणी टोल नाका ओलांडून थोडं पुढं चहाला थांबलो होतो. उतरल्यावर सवयीनं गाडीला चक्कर मारली, तर मागच्या आउटलेटच्या फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या बोल्टच्या जोडातून, थेंब. एक पडला, मनात पाच मोजेपर्यंत दुसरा. खाली डांबरावर ओला डागसुद्धा टिकत नव्हता, इतकं ते उडून जात होतं. हातमोजा घालून बोट लावलं तर मोज्यातून थंडगार लागलं. इथेनॉलची वाफ १३ अंशांनाच पेट घेऊ शकते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडं किती असतं ते सांगायला नको.

चहाच्या टपरीची शेगडी वीस पावलांवर, आणि वारा तिकडंच. मोबाईल तसाच केबिनमध्ये ठेवला, पळत गेलो आणि टपरीवाल्या मावशींना शेगडी बंद करायला सांगितली. त्यांनी कारण न विचारता बंद केली, त्यांचे उपकार आहेत. तेवढ्यात वासानं दोन पोरं जवळ आली, एकाच्या बोटात बिडी. त्याला मी ओरडलो ते आयुष्यात कुणाला ओरडलो नसेन. मास्टर वॉल्व्ह बंद केला, मेन स्विच काढला, गाडी सरकू नये म्हणून चाकाला ओटं लावलं, दोन्ही बाजूंना कोन ठेवले. रस्त्याकडेच्या उताराला उसाचं रान होतं आणि पलीकडं विहीर. क्लीनरनं आणि मी खोऱ्यानं मातीचा बांध घातला. मग लांब जाऊन टपरीवाल्या मावशींच्या फोनवरून गाडीच्या पाटीवरचा इमर्जन्सी नंबर लावला, पोलिसांना कळवलं. दीड तासानं माणूस आला, न ठिणगी उडवणाऱ्या पान्यानं बोल्ट आवळले, थेंब थांबला. नुकसान म्हणाल तर एखादा लिटर.

काही झालं नाही. पण त्या दीड तासात मी जे जे केलं त्यातलं निम्मं मला अकरा वर्षांच्या अनुभवानं शिकवलेलं नव्हतं. कास्टिंगच्या गाडीतून काही गळत नाही. घरपोच सर्टिफिकेट घेतलं असतं तर त्या चौकोनात तारीख हीच असती आणि मी मावशींच्या शेगडीशेजारी चहा पीत उभा असतो.

आता एक गैरसमज, जो गाडीतळावर सध्या फार फिरतोय. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं निकाल दिला की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. निकाल चांगला आहे, छोट्या गाडीवाल्यांचे विम्याचे वाद त्यानं कमी होतील. पण माझ्या मेहुण्याचा मुलगा छोट्या टेम्पोतून गॅस सिलिंडर पोचवतो, तो मला म्हणाला, “मामा, आता आपल्याला कसलीच नोंद नको.” तसं नाही. त्याच निकालात कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या वेगळ्या अटी तशाच राहतील. गाडी लहान झाली म्हणून सिलिंडर लहान होत नाही. विमा कंपनी भरपाईच्या वेळी हाच चौकोन बघणार.

खर्चाचं विचाराल तर फी मला जड वाटली नाही. जड वाटली ती बुडालेली हजेरी: कोर्सचे तीन दिवस, डेपोबाहेरचे दोन आणि हेलपाट्यांचे अर्धे-अर्धे मिळून आणखी दोन. सात दिवस. यातले चार दिवस त्या एका आकड्यानं खाल्ले. कोर्सचे तीन दिवस मी वसूल झाले असं धरतो, किणीला झाले. ते चार अजून माझ्या वहीत लाल पेननं लिहिलेले आहेत. मालकांना मी आता सांगून ठेवलंय की नव्या ड्रायव्हरला कोर्सच्या तीन दिवसांचा पगार द्या. एका टँकरच्या किमतीपुढं ते काहीच नाही, आणि पगार मिळाला तर घरपोच सर्टिफिकेटच्या नादाला कुणी लागणार नाही. एकाला दिला, दुसऱ्याचं बघू म्हणालेत.

मेहुण्याच्या मुलाला शेवटी मीच कोर्सला बसवलं. परवा तो सर्टिफिकेट घेऊन घरी आला. चहा बाजूला ठेवला, चष्मा लावला, त्याला लायसन्स हातात धरायला सांगितलं. तो एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेला आणि मी सर्टिफिकेटवर बोट ठेवत गेलो. शेवटून तिसऱ्यापाशी दोनदा म्हणायला लावलं. जुळला. मग अर्जातला मोबाईल नंबर बघितला. त्याचाच होता.